विहिरीच्या तळाशी सावली कुठं असते

वाल्मीक खैरनार गुरुजींना पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर येऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत त्यांनी शाळेचा कायापालट केला असं सगळेच म्हणत. पाडा पन्नासेक घरांचा. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. आधीचे मास्तर आठवड्यातून दोनदा तोंड दाखवून जायचे. खैरनार गुरुजींनी मात्र पाड्यावरच खोली घेतली, पोरांची नखं कापण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं स्वतः केलं.

त्यांचं गाव बागलाणातलं नामपूर. घरी अहिराणी. डी.एड.साठी नाशिकला आले तेव्हा पहिल्याच दिवशी ते उभे राहून म्हणाले होते, "मनं नाव वाल्मीक शे." वर्ग खो खो हसला होता आणि पुढची दोन वर्षं त्यांना 'शे-शे' याच नावानं हाक मारली गेली होती. त्या हसण्याच्या धाकानं त्यांनी आपली बोली घासून घासून साफ केली. आता ते बोलायला लागले की पुण्याचा कोणी मास्तर बोलतोय असं वाटायचं, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्याहून मोठा अभिमान होता तो सावलीच्या खांबाचा. शाळेच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या खर्चानं सिमेंटचा ओटा करून त्यात आठ फुटी लोखंडी पाइप उभा केला होता. ओट्यावर पांढऱ्या रंगानं रेघा आखल्या होत्या. पोरं सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावलीच्या टोकाला खडे ठेवत आणि मोजत. थंडीत दुपारची सावली लांब का आणि उन्हाळ्याकडे ती आखूड का होत जाते, सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, ऋतू कसे बदलतात, हे सगळं गुरुजी त्या खांबाजवळ उभं राहून शिकवत. शाळेच्या भिंतीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'भर दुपारी सावली सर्वांत लहान असते व ती नेहमी उत्तरेकडे पडते.'

एकोणीसशे शहाण्णवच्या फेब्रुवारीत शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. पेठहून जीपनं आलेले, घामाघूम झालेले, पण खांब पाहून ते खूश झाले. तिसरी-चौथीची पोरं ओट्याभोवती बसली. दुपारच्या सावलीची दिशा साहेबांनी विचारली. पोरं एका सुरात ओरडली, उत्तरेकडे. साहेबांनी सहज विचारलं, नेहमी? पोरं म्हणाली, नेहमी.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. भागी, पुंजा भोये यांची धाकटी. दहा वर्षांची, बोलायला कमी, गणितात मात्र वर्गात पहिली.

"नेहमी नाय गुरुजी," ती म्हणाली. "उन्हाळा सरताना ती पलटते. या अंगाला येते."

तिनं दक्षिणेकडे हात दाखवला.

साहेबांनी भुवया उंचावल्या. हे तिला कुठून कळलं असं त्यांनी विचारलं तेव्हा भागी म्हणाली, विहिरीत. वैशाखात पाड्याची विहीर आटते, तळाला नुसता झरा उरतो. मग एखाद्या हलक्या पोराला दोरानं खाली सोडतात. ते वाटीवाटीनं पाणी भरतं आणि बायका वरून हंडा ओढून घेतात. दोन वर्षं भागीच उतरत होती. पाणी साचेपर्यंत खाली बसून राहावं लागतं. वर तळपता सूर्य, म्हणून ती सावलीत सरकून बसायची. आधी सावली एका भिंतीच्या बुडाशी असते, मग काही दिवस कुठंच नसते, आणि पावसाआधी समोरच्या भिंतीच्या बुडाशी येते. एवढं सगळं तिनं तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं आणि ती बसली.

साहेब हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले, आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "खैरनार, तुमची विद्यार्थिनी काही निराळंच सांगतेय."

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षांचं काम या एका वाक्यानं मातीत गेलं असं त्यांना वाटलं. त्यांनी भागीला पुढं बोलावलं आणि खांबाजवळ उन्हात उभं केलं. दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. तिची सावली उत्तरेकडे स्वच्छ पडली होती. पलटलेली सावली कुठं आहे ती साहेबांना दाखव, असं त्यांनी तिला सांगितलं. भागी खाली पाहत राहिली. आत्ता नाही, उन्हाळा सरताना, असं ती पुटपुटली. तेव्हा गुरुजी साहेबांकडे पाहून म्हणाले, "विहिरीत बसून जग बघते. बेडकी आहे ही."

साहेब मोठ्यानं हसले. पोरंही हसली. सगळ्यात जोरात हसला सुनील गावित, आणि 'बेडकी' हा शब्द त्यानंच पहिल्यांदा पुन्हा उच्चारला. गुरुजींनी त्याला गप्प केलं नाही. उलट वर्ग हसला म्हणून त्यांच्या जिवात जीव आला. साहेब जाईपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा तास, भागी तिथंच उन्हात उभी होती.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण संध्याकाळी भागीची आई नवसाबाई पाणी घेऊन शाळेवरून जाताना दिसली, तेव्हा गुरुजींनी तिला थांबवून सांगितलं की तुमची पोरगी साहेबांसमोर खोटं बोलली, शाळेची लाज घालवली.

त्या दिवसानंतर भागी शाळेत आली नाही. पंधरा दिवसांनी भोये कुटुंब द्राक्षांच्या कामासाठी दिंडोरीकडे गेलं. दर वर्षी निम्मा पाडा जायचा. गुरुजींनी हजेरीपटावर 'स्थलांतर' असं लिहिलं आणि स्वतःचीही तशीच समजूत घातली.

एरवी गुरुजी मेच्या सुट्टीत नामपूरला जात आणि शाळा उघडताना परत येत. त्या वर्षी मात्र शाळेला नवी खोली मंजूर झाली होती. गवंड्याच्या मागं उभं राहायला कोणीतरी हवं, म्हणून ते थांबले. जूनचा पहिला आठवडा. मृग लागायला दोन दिवस होते, पण आभाळ कोरं होतं. दुपारी कामकरी जेवायला बसले आणि गुरुजी चहाचा पेला घेऊन खांबाच्या ओट्यावर टेकले.

सावली शोधायला त्यांना जरा वेळ लागला. मग ती दिसली. चार-पाच बोटं लांब, पाइपाच्या बुडाशी. आणि ती दक्षिणेकडे होती.

प्रथम त्यांना वाटलं, पाइप कलला असेल. बांधकामाची वाळू टाकताना ट्रॅक्टरचा धक्का लागला असेल. त्यांनी गवंडी झिपरूकडून ओळंबा मागून घेतला आणि पाइपाला चारी बाजूंनी लावून पाहिला. दोरी पाइपापासून कुठंही सुटत नव्हती. झिपरूनंही पाहिलं, म्हणाला, गुरुजी, खांब एकदम सरळ हाय. कशाला काळजी करता?

दुसऱ्या दिवशी गुरुजी बारापासून ओट्याशी बसून राहिले. दर पाच मिनिटांनी खडूनं खूण करत गेले. साडेबारा वाजून गेल्यावर सावली सर्वांत आखूड झाली, आणि ती दक्षिणेकडेच होती.

खोलीवर येऊन त्यांनी पाठ्यपुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की भर दुपारी सावली सर्वांत लहान असते. एवढंच. 'नेहमी उत्तरेकडे' हे शब्द पुस्तकात नव्हतेच. ते त्यांनी स्वतः जोडले होते, कारण डिसेंबर-जानेवारीत खांब उभारला तेव्हा ती तशी पडत होती आणि मेमध्ये ते कधी इथं नव्हते. जून लागून ते परत येत तोवर ढग भरून आलेले असत. सूर्य उत्तरेकडे सरकतो हे ते सहा वर्षं पोरांना सांगत होते. सरकता सरकता तो आपल्या डोक्यावरून पलीकडे जाईल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते त्या पोरीच्या डोक्यात आलं होतं, आणि तेही विहिरीच्या तळाशी ऊन चुकवता चुकवता.

त्या दिवशी त्यांनी ताट तसंच झाकून ठेवलं. साहेबांचं हसणं आठवत होतं आणि त्याच्या मागं डी.एड.च्या वर्गाचंही.

तिसऱ्या दिवशी ते विहिरीवर गेले. भोये कुटुंब परत आलं आहे हे त्यांना झिपरूनं सांगितलं होतं. काठावर नवसाबाई आणि आणखी चार बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या. गुरुजींनी वाकून खाली पाहिलं. तीस फुटांवर भागी होती. उत्तरेकडच्या भिंतीची सावली दक्षिणेकडे पडून तिच्या बुडाशी हातभरही नसलेला पट्टा झाला होता, त्यात ती पाय पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ चिकटवून बसली होती.

गुरुजी खोलीवरून निघताना वाक्य ठरवून आले होते. भागी, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. सहा शब्द. पण बायका त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागल्या आणि ते सहा शब्द मागं राहिले. ते वाकून म्हणाले, "भागी, शाळा उघडतेय. ये हं."

भागीनं वर पाहिलं. नवसाबाईच म्हणाली, "ती नाय येणार आता गुरुजी. पोरं लय चिडवतात."

"शाळेतून तांदूळ मिळतो," गुरुजी म्हणाले. "महिन्याला तीन किलो."

म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली. माफी मागायला आले होते आणि तांदूळ देऊ करून परत निघाले होते. वाटेत दोनदा मागं फिरावंसं वाटलं. पण पावलं शाळेकडेच पडत राहिली.

शाळा उघडली तेव्हा भिंतीवरचं वाक्य पुसलेलं होतं आणि त्या जागी नवं लिहिलं होतं. पोरांना गुरुजींनी सांगितलं की सुट्टीत निरीक्षण करताना नवीन गोष्ट लक्षात आली. कोणाच्या सांगण्यावरून, ते सांगितलं नाही. वर्षाअखेर जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी नाशिकला तोच खांब लहान करून मांडला: एक दिवा, एक खिळा आणि वर्षातून दोन महिने दक्षिणेकडे पडणारी सावली. परीक्षकांनी विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं? गुरुजी म्हणाले, सुट्टी न घेता मी रोज नोंदी ठेवल्या. पहिला क्रमांक आला. शाल-श्रीफळ मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे ते फार वेळ पाहू शकले नाहीत. पण नामपूरला बायकोनं कात्रण काढून फ्रेम करून घेतली तेव्हा नकोही म्हणाले नाहीत.

पुढं त्यांची बदली नाशिकजवळ झाली. नव्या शिक्षकांना विज्ञान शिकवायला त्यांना बोलावू लागले. दर प्रशिक्षणात सावलीचा तास त्यांचाच. 'सुट्टी न घेता ठेवलेल्या नोंदी' दर खेपेला थोड्या वाढत गेल्या. मोठ्यानं सांगता सांगता माणसाला आपलंच खरं वाटू लागतं म्हणतात, गुरुजींना मात्र कधी वाटलं नाही. तास संपला की ते तोंडावर पाणी मारून यायचे.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात असंच एक प्रशिक्षण होतं. तास संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एक तरुण शिक्षणसेवक येऊन पाया पडला. सुनील गावित. गुरुजींना आनंद झाला. पाड्यावरचं पोर मास्तर झालं होतं. त्यांनी पाठीवर थाप दिली, घरचं विचारलं. सुनील अदबीनं उत्तरं देत राहिला. मग हातातल्या कपात पाहत म्हणाला, "गुरुजी, ते भागीनं सांगितलं होतं ना?"



सुनील म्हणाला, तो त्यांना दोष द्यायला आला नव्हता. पहिलं हसू त्याचंच होतं. आता स्वतः वर्गात उभा राहतो तेव्हा ते आठवतं. पोरांनी तिला पुढं बेडकीच म्हटलं, विहिरीवर, बाजारात, सगळीकडे. तिच्या लग्नातसुद्धा कोणीतरी म्हणालं आणि वऱ्हाडी हसले. ती आता सातपूरला असते, नवरा तिथल्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. एवढं सांगून त्यानं मोबाइलमध्ये तिच्या नवऱ्याचा नंबर शोधून कागदावर लिहून दिला. गुरुजींनी तो मागितला नव्हता.

रविवारी गुरुजी सातपूरला गेले. कामगारांच्या खोल्यांची चाळ, बाहेर मोटरसायकली, वाळत घातलेले निळे गणवेश. भागीनं त्यांना लगेच ओळखलं. पदर सावरून आत घेतलं, नवऱ्याला खुर्ची रिकामी करायला लावली, पाणी दिलं. तीन वर्षांची मुलगी तिच्या मागं लपून पाहत होती. भागी एका वर्कशॉपात रबराचे वॉशर निवडून पिशव्यांत भरण्याच्या कामाला जात होती. ते सगळं तिनं आनंदानं सांगितलं. गुरुजी घरी आले याचाच तिला मोठेपणा वाटत होता, आणि त्या आदरानं गुरुजी खुर्चीत अधिकच आक्रसून गेले.

शेवटी त्यांनी सांगितलं. सुरुवातीपासून सगळं. ओळंबा लावून पाहिलं ते, विहिरीवर येऊन तांदळाचं बोलले ते, बक्षीस घेतलं ते. नवरा ऐकत होता. भागी जमिनीकडे पाहत होती. त्या दिवशी साहेबांपुढं पाहत होती तशीच.

मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मला वाटायचं, तुम्हाला माहीत हाय. गुरुजींना माहीत असणारच. साहेब नाराज होऊ नये म्हणून तुम्ही मला तसं बोलले, असं मी धरून चालले. माझं बरोबर होतं, ते मला ठाऊकच होतं. पुढच्या साली पण खाली उतरले ना मी." ती थांबली. "पण शाळेत खरं बोललं की असं होतं, असं वाटलं. मग गेले नाय."

गुरुजींनी हात जोडले. ती घाईनं मागं सरली, असं करू नका म्हणाली. तिच्यासाठी काय करू, असं त्यांनी विचारलं. मुलीच्या शिक्षणाचं ते बोलायला लागले, तेव्हा तिनं मान हलवली. मुलीचं आम्ही बघू, म्हणाली. मग एकदम म्हणाली, "माझ्या आईला सांगा. तिला अजून वाटतं मी खोटं बोलले."

पुढच्या रविवारी गुरुजी पेठच्या गाडीत बसले. फाट्यावर उतरून चार किलोमीटर चालत पाड्यावर पोचले. पुंजा भोये वारले होते. नवसाबाई अंगणात नागली पाखडत बसली होती, शेजारच्या दोन बायका सोबत होत्या. या खेपेला गुरुजींनी बायका जायची वाट पाहिली नाही. बसायला दिलेल्या गोणपाटावर बसले आणि त्यांच्यासमोरच बोलले. तुमची पोरगी खोटं बोलली नव्हती. खोटा मी होतो.

नवसाबाईचं सूप थांबलं.

"मी तिला त्या दिवशी लय मारलं," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर मारलं. तिनं एकदा पण नाय सांगितलं की मी खरी हाय."

शेजारणी उठून निघून गेल्या. गुरुजी मान खाली घालून बसले. म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, भागीला सांगून आलात का? हो म्हणाल्यावर विचारलं, ती काय म्हणाली? तिनंच इथं पाठवलं, असं गुरुजींनी सांगितलं.

नवसाबाई उठली. "फोन लागंल का तिला?"

पाड्यात रेंज नव्हती. दोघं मागच्या टेकाडावर चढून गेले. म्हातारी पुढं, गुरुजी मागं. वर पोचल्यावर गुरुजींनी नंबर लावून दिला आणि फोन तिच्या हातात ठेवला. तिला तो कानाशी नीट धरता येईना, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून सरळ केला. पलीकडून भागीचा आवाज आला तसे ते दहा-पंधरा पावलं लांब गेले आणि पाठ करून उभे राहिले. म्हातारी काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही. ऐकायचा आपला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

बऱ्याच वेळानं तिनं फोन आणून दिला. डोळे लाल झाले होते. फाट्यावरची शेवटची गाडी साडेचारला असते, निघा आता, एवढंच ती म्हणाली.